कोरियाची पाहुणी

क्वोन दारातच खाली वाकला आणि बुटांचे बंद सोडायला लागला. कुलसुम लगबगीने पुढे झाली.

"नो सर, नो. बूट राहू द्या. हे वरून चढवायचं." तिने निळ्या प्लास्टिकची दोन आवरणं त्याच्यासमोर धरली आणि सुनेत्राकडे वळून हळूच म्हणाली, "मशिदीत शिरल्यागत शिरतायत, मॅडम."

"गप गं," सुनेत्रा म्हणाली.

त्याला मराठी येत नव्हतं, पण आपल्याविषयी काहीतरी बोललं गेलं आणि ते वाईट नव्हतं, एवढं त्याच्या लक्षात आलं असावं. एका पायावर तोल सावरत तो हसला. पन्नाशी ओलांडलेला, उन्हाने रापलेला माणूस. पांढऱ्या शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. अबुधाबीच्याही पलीकडे, जिथे रस्त्यावर उंटांसाठी पाट्या लागतात, तिथल्या एका बांधकामावर तो अभियंता होता. सुट्टीच्या दिवशी पहाटे निघून गाडी हाकत तो हमरिया फ्री झोनपर्यंत आला होता, आणि येताना नाशपातींची पेटी घेऊन आला होता. एकेक फळ पांढऱ्या जाळीत गुंडाळलेलं.

सुनेत्राने त्याला टेबलाजवळची खुर्ची दिली. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या. खाली मोठ्या शेडमध्ये खजुराच्या झावळ्यांच्या भुशावर धिंगरी अळंबी वाढवली जायची आणि दुबई-शारजाच्या हॉटेलांना रोज सकाळी गाडीने जायची. वरच्या या खोल्यांत त्या अळंबीचं बियाणं तयार व्हायचं. गेली आठ वर्षं सुनेत्रा हेच करत होती.

"तुमचं आडनाव आईला आठवत नव्हतं," क्वोन इंग्रजीत म्हणाला. तो प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून मग बोलत असे. "मी इंटरनेटवर टाकलं, सुनेत्रा, अळंबी, भारत. वाटलं, तुम्ही पुण्यात निघाल. तुम्ही शारजात निघालात. मी सहा वर्षं इथेच आहे."

"आई कशा आहेत?"

"भात खाते. टीव्ही लावते." त्याने हात मांडीवर ठेवले. "वणव्यानंतर गावातल्या सगळ्यांना शाळेच्या मैदानावर पत्र्याची तयार घरं दिली आहेत. ओळीने. तिथे राहते. बोलत नाही फारशी. मी रोज फोन करतो, ती म्हणते, बरं आहे, ठेव. मागच्या महिन्यात पहिल्यांदा तिने स्वतःहून काही विचारलं."

"काय?" सुनेत्राने विचारलं.

"म्हणाली, ती हिंदुस्थानी पोरगी डोंगरावरून जे पांढरं घेऊन गेली होती, ते जिवंत आहे का, बघ."

"आहे," सुनेत्रा लगेच म्हणाली.

त्याने मान खाली घातली. आभार मानल्यासारखी, पण ती वर यायला जरा वेळ लागला.

त्या डोंगराची बातमी सुनेत्राने वसंतातच वाचली होती. वारा सुटला, आग एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर उडत गेली, आणि एकाच दुपारी लाल पाइनचं ते सगळं रान उभंच्या उभं जळलं. गावाचं नाव बातमीत आलं नव्हतं, पण नकाशावरचा काळा पट्टा पाहून तिला कळलं होतं. त्याच सुमारास आईच्या खुब्याचं हाड मोडलं आणि ती पुण्याला गेली, चार महिने तिथेच अडकली. परत येऊन पंधरवडाच झाला होता, आणि आल्या दिवसापासून खालच्या शेडमधल्या तपासण्यांनी तिला मान वर करू दिली नव्हती.

"मी ते नेऊन लावलं तर?" क्वोनने विचारलं. "गावाने नवीन रोपं लावायचं ठरवलंय. लाल पाइनचीच. त्यांच्या मुळाशी."

सुनेत्राने हा प्रश्न येणार म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. तरी ते तोंडातून निघताना जड झालं.

"तुमची सोंगी अळंबी पाइनच्या जिवंत मुळावरच जगते. मुळाला पाणी, क्षार देते, मुळाकडून साखर घेते. काचेत मी तिचे नुसते धागे जगवू शकते. तिची अळंबी अजून कुणालाच रानाबाहेर उगवून आणता आलेली नाही, जपानमध्येही नाही. रोपांच्या मुळाशी लावली तर बहुतेक वेळा मरते. आणि जगलीच, तरी झाड पंचवीस-तीस वर्षांचं झाल्याशिवाय ती वर येत नाही."

"हं."

"शिवाय माती. तिला चांगली माती सोसत नाही. चढावरची, भुरभुरीत, जिच्यात काही नाही अशी लागते. पाला साठला, माती कसदार झाली, की दुसऱ्या बुरश्या येतात. त्या जोरात वाढतात. त्यांच्यापुढे तिचं काही चालत नाही."

"म्हणून आई पाला ओढायची. लांब दांड्याचं दाताळं घेऊन. आम्हाला वाटायचं, चुलीसाठी ओढते." त्याने बोटांवर मोजलं. "तीस वर्षं. म्हणजे तेव्हा ती एकशेबाराची असेल."

तो हसला नाही, म्हणून सुनेत्राही हसली नाही.

"मग लावायचं नाही," तो म्हणाला. "नुसतं दाखवू या. तिकडे आता दुपार उलटलीय, ती जागी असते. फोनवर दाखवलं तर चालेल ना?"

"चालेल की. कुलसुम, मागच्या इन्क्युबेटरमधून आण गं."

"कोरियाची पाहुणी?" कुलसुमचा चेहरा उजळला. "आणते, आणते. बघाच तुम्ही आता." ती मागच्या खोलीत गेली, आणि तिथूनच मोठ्याने सांगत राहिली. "तुम्ही नव्हतात ना मॅडम, एक दिवस चुकवला नाही मी. रोज दार उघडून तापमान बघायचे. वीज जाऊन एसी बंद पडला तेव्हा मॅनेजरशी, त्या मुदीरशी, भांडले. म्हटलं, खालची धिंगरी मेली तर पुन्हा लावू, ही मेली तर कुठनं आणणार? तो म्हणाला, यल्ला, यल्ला, घे तो छोटा जनरेटर."

कुलसुम हर्णैची. रत्नागिरीला बीएस्सी करून इथे आली, तिला पाच वर्षं झाली होती. तिच्या हाताला स्थिरता होती आणि शिकवलेली गोष्ट ती कधी विसरत नसे.

क्वोन फोन काढून शर्टाच्या बाहीने काच पुसत होता. सुनेत्राच्या डोळ्यांपुढे ती पहिली काचेची बशी आली. तेव्हा ती एकोणतिसाची होती. संशोधनासाठी दोन शरद ऋतू तिने त्या गावात काढले होते. क्वोनच्या आईने टोपीही न उघडलेली एक सोंगी मातीतून अलगद फिरवून काढली होती, आणि सुनेत्राने तिच्या पोटातला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापून बशीतल्या खाद्यावर ठेवला होता. दीड महिना काहीच हललं नाही. मग तुकड्याभोवती लोकरीसारखं धूसर वलय दिसलं. महिन्याला नखाच्या रुंदीएवढं ते पुढे सरकायचं. तिथल्या विद्यापीठातला प्रकल्प संपला, त्यांचा संग्रह पुढे कुणी चालू ठेवला नाही. हे वलय मात्र परवाने काढत काढत पुण्याला आलं आणि पुण्याहून इथे. दर तीन महिन्यांनी नव्या बशीत एक तुकडा. मालकाला त्याचा काही उपयोग नव्हता. कोपऱ्यातला जुना इन्क्युबेटर वापरा, म्हणाला, वीज फार खाऊ देऊ नका.

कुलसुम ट्रे घेऊन आली. पाच बश्या. तिने पहिली उचलून टेबलावर, क्वोनच्या अगदी पुढ्यात ठेवली.

"आठ वर्षं नुसती लाजत होती," ती म्हणाली. "आता रुळली. माशाल्ला."

बशी काठोकाठ भरली होती. दाट, शुभ्र, कापसासारखी. मधून बाहेर पंख्यासारखे पसरत गेलेले जाड धागे कडेला पोचून झाकणावर चढले होते.

सुनेत्राने हे त्याच सकाळी पाहिलं होतं. पलीकडच्या खोलीत, धिंगरीच्या बियाण्याच्या शंभर बाटल्यांत.

तिने दुसरी बशी उचलली. मग तिसरी. बशीच्या तळाशी कुलसुमच्या नीटस अक्षरात तारीख होती.

"मागच्या रविवारी बदललीस?" तिने मराठीत विचारलं. आवाज तिने सरळ ठेवला.

"हो, आणि बघा ना, आठवड्यात भरली! तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा बदलली ना, तेव्हा चार प्लेटी तशाच, मेल्यासारख्या. पण एकीच्या कडेला असा झक्क पांढरा कोपरा आला होता. तोच घेतला. तुम्हीच सांगितलंय, कडेचा सगळ्यात जोमदार तुकडा घ्यायचा, मंद असेल ते ठेवायचं नाही."

हे सुनेत्राने सांगितलं होतं. कुलसुम रुजू झाली त्या आठवड्यात, धिंगरीसाठी. धिंगरीचं ते बरोबरच होतं. या इन्क्युबेटरच्या बश्या ती स्वतः बदलायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. पुण्याला जाण्याच्या आदल्या दिवशी, अर्धं लक्ष विमानाच्या तिकिटावर असताना, तिने किल्ली कुलसुमच्या हातात दिली होती आणि म्हटलं होतं, तुला येतंच की सगळं.

"आणि बाकीच्या? त्या मंद होत्या त्या?"

"ऑटोक्लेव्हच्या वाफेत टाकल्या तेव्हाच. खलास." कुलसुमच्या कपाळावर एक बारीक आठी आली. "का हो मॅडम? ठेवायच्या होत्या?"

सुनेत्राने तोंड उघडलं. तेवढ्यात फोनवर घंटी वाजायला लागली होती. क्वोनने एका हातात फोन आडवा धरला होता, दुसऱ्या हाताने बशी खिडकीच्या उजेडात सरकवत होता. त्याचा चेहरा शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरासारखा झाला होता.

"काही नाही," सुनेत्रा म्हणाली. "नंतर बोलू."

पडद्यावर आधी एक छत दिसलं, मग एक कान, आणि मग म्हातारीचा चेहरा. तिने तो फार जवळ धरला होता. गाल आत गेले होते, केस बारीक कापले होते. पण डोळे आकसून बघायची रीत तीच होती, दहा पावलांवरच्या पाल्याला पडलेली भेग हेरणारी.

"ओम्मा," क्वोन म्हणाला. "बघ कोण आहे."

"जाडी झाली," म्हातारी म्हणाली.

तिथल्या बोलीतलं सुनेत्राला आता थोडंच उरलं होतं, पण एवढं सहज समजलं. तिने हात जोडले, मग आठवून कमरेत वाकली. "हाल्मोनी, बऱ्या आहात ना?"

"जेवलीस का?"

"जेवले."

"दाखव."

क्वोनने बशी फोनसमोर धरली. उजेड मागून येत होता आणि पांढरे धागे लख्ख दिसत होते. म्हातारीने फोन आणखी जवळ घेतला असावा, कारण पडद्यावर नुसता एक डोळा राहिला होता.

"एवढी?" ती म्हणाली.

"एवढी," क्वोन म्हणाला. "आणि आणखी चार बश्या आहेत."

"वास घे."

सुनेत्राचा हात आपसूक पुढे झाला. बशी अशी उघड्यावर उघडायची नसते, हवेतलं काहीही आत पडतं. मग तिने तो हात मागे घेतला. आता आत राखण्यासारखं काही नव्हतं.

क्वोनने झाकण वर केलं आणि बशी नाकाजवळ नेली.

सोंगीचा वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. दालचिनी, पाइनचा चीक आणि पावसानंतरची खडकाळ माती एका मुठीत चुरल्यासारखा. बशीतल्या साध्या धाग्यांनाही तो असायचा, पुसट, पण असायचा. आणि हा माणूस त्या वासाच्या घरात जन्मला होता.

त्याने एकदा श्वास घेतला. थांबला. पुन्हा घेतला. बशी नाकाशी तशीच धरून त्याने नजर वर केली आणि सुनेत्राकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. गणित पुन्हा करून बघणाऱ्या माणसाची ती नजर होती. सुनेत्राने डोळे खाली घेतले. एवढंच तिला करता आलं.

कुलसुम त्याच्या खुर्चीमागे उभी होती, दोन्ही हात छातीशी धरून.

"अरे, बोल की," फोनमधून आवाज आला. "येतो का वास?"

"येतो, ओम्मा."

"कसा?"

तो बोलायला लागला. सुनेत्राला अर्धेच शब्द लागत होते. टोपली. पाइनच्या सुया. पहाट, आणि शाळा, आणि तुझे भिजलेले हातमोजे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी तू टोपली ठेवायचीस आणि आम्ही उठायच्या आधी घरभर. तो झाकण लावायला विसरला होता. बशी त्याच्या हातात उघडीच होती आणि तो दुसरीकडेच कुठेतरी बघत बोलत होता. म्हातारीने डोळे मिटले होते.

मग तिने डोळे उघडले. आवाज खाली आणला.

"पोरी. तू याला सांगितलंस का?"

सुनेत्राला कळलं नाही. तिने क्वोनकडे पाहिलं, पण तोही गोंधळला होता.

"जागा," म्हातारी म्हणाली. "आमची जागा."

"नाही, हाल्मोनी. कुणालाच नाही."

ते खरं होतं. सोंगीची जागा त्या गावात कुणी कुणाला सांगत नसे. भाऊ भावाला नाही, सासू सुनेला नाही, मुलाला तर मरणाच्या अंथरुणावरच. सांगायला उशीर झाल्यामुळे कायमच्या हरवलेल्या जागांच्या गोष्टी तिथे घरोघर होत्या, आणि लोक त्या अभिमानाने सांगत. सुनेत्राला मातीचे नमुने हवे होते, तिला परकं गाव होतं, ती निघून जाणार होती. म्हणून म्हातारीने तिला नेलं. तिच्या शोधनिबंधातही त्या जागेचा उल्लेख नुसत्या एका अक्षराने होता.

"आता सांग त्याला," म्हातारी म्हणाली. "बी जिवंत आहे, म्हणजे ते कुठे ठेवायचं ते त्याला ठाऊक हवं. मला आता चढवत नाही."

"ओम्मा, तूच सांग ना," क्वोन म्हणाला.

"इथे?" तिचा आवाज एकदम धारदार झाला. "या भिंती पत्र्याच्या आहेत. पलीकडे चोईची बायको राहते. दिवसभर कान लावून असते सटवी. तुम्ही इंग्रजीत बोला. इथे कुणाला कळत नाही. मी बघते."

आणि खरोखरच तिने फोन कशाला तरी टेकवून ठेवला, आणि हात मांडीवर घेऊन दोघांकडे बघत बसली.

कुलसुमने हलकेच विचारलं, "काय म्हणतायत आजी?"

"रस्ता सांग म्हणतायत," सुनेत्रा म्हणाली.

तिने खुर्ची ओढली. क्वोनने आता बशीचं झाकण लावलं, ती दोन्ही हातांनी ट्रेमध्ये ठेवली आणि तिच्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर वर्गात बसल्याचा भाव होता. त्याला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक होतं, की ठेवायला आता काही नाही आणि ठेवायची जागाही उरलेली नाही. पण फोनमधून ती बघत होती.

"पर्सिमनच्या बागेच्या वरून पायवाट निघते," सुनेत्राने सुरुवात केली.

"हो."

"थोडं वर गेलं की डावीकडे एक पाइन आहे. आडवा वाढून मग वर गेलेला. त्यावर बसता येतं."

"तो नाही आता."

"बरं. तिथून ओढा ओलांडायचा. पलीकडे एका बुंध्यातून तीन खोडं निघालेलं झाड. त्याच्या उजव्या अंगाने..."

"तेही नाही." तो शांतपणे म्हणाला. "मी मे महिन्यात गेलो होतो. ओढ्यापासून वरपर्यंत काळे खांब आहेत. सगळे सारखे दिसतात. पुढे?"

सुनेत्राने डोळे मिटले. तिने ती वाट झाडांनीच पाठ केली होती. वीज पडलेलं. साल सोललेलं. दोन झाडं एकमेकांना टेकलेली. एकेक आठवून ती मनातल्या मनात ओलांडत गेली, कारण सांगून उपयोग नव्हता. दगड कुठेतरी असेल. काहीतरी जळणारं नसलेलं.

"मग चढ सौम्य होतो," ती म्हणाली. "एक मोकळी जागा येते. गवताचे दोन गोल उंचवटे आहेत. थडगी. एकापुढे दगडी चौथरा आहे, त्याचा एक कोपरा तुटलेला."

क्वोनने एकदम मान वर केली.

"तेही नाही?"

"आहे," तो म्हणाला. "ते माझे आजोबा. कोपरा मी तोडला होता. लहानपणी, वर उभा राहून दगड आपटत होतो. दर वर्षी सणाच्या आधी आम्ही तिथे गवत कापायला जातो. नैवेद्य मांडतो. दिवसभर बसतो. थडग्यांपासून पुढे कुठे?"

"पुढे नाही. मागे."

"मागे किती?"

"लागूनच. आजोबांच्या डोक्याच्या बाजूने जो उतार जातो ना, तिथून पाल्याखाली सोंगीचं पांढरं कडं सुरू होतं. बसल्या जागेवरून हात लांब केला तर लागेल."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या ओठांचे कोपरे हलले.

"मागे जायचं नाही," तो म्हणाला. "मागे साप आहेत. ती दर वर्षी ओरडायची. मला, माझ्या बहिणीला. माझ्या मुलांनासुद्धा. पन्नास वर्षं आम्ही त्या थडग्यापुढे बसून जेवलो, आणि कुणी मागे लघवीला पण गेलं नाही."

आणि तो हसायला लागला. आधी आवाज न करता, खांदे हलवत, मग मोठ्याने, तोंडावर पालथा हात धरून. कुलसुमला काहीच कळलं नव्हतं, तरी तीही हसू लागली. पडद्यावर म्हातारी पुढे झुकली. तिच्या तोंडात खालचे दोनच दात राहिले होते.

"कळलं याला," ती म्हणाली. "सापांपाशी आला, बघ."

"ओम्मा, साप नव्हते ना तिथे?"

"एकदा होता एक."

क्वोनने डोळे पुसले. ते पुसायला त्याला हसण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"आता नीट ऐक," म्हातारी म्हणाली. तिने एकवार पत्र्याच्या भिंतीकडे पाहिलं आणि तोंडाजवळ हात आडवा धरला. "कुणाला सांगू नकोस. बायकोलाही नाही."

"नाही सांगत."

"बहिणीला तर मुळीच नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. माणसं लगेच फावडी घेऊन जातील."

"नाही सांगत, ओम्मा."

"ठेव मग. पोरीला काहीतरी खायला दे."

पडदा विझला. खोलीत एसीची घरघर आणि खालच्या शेडमधली मालाची गाडी मागे घेताना होणारी टूंटूं ऐकू येऊ लागली.

सुनेत्राला वाटलं, आता बोलायला हवं. हे सोंगी नाही. ही माझी चूक आहे, हिची नाही. वाक्यं तयार होती, साधी आणि पूर्ण. कुलसुम नाशपातीच्या जाळ्या सोडवत होती आणि एक फळ तिने आधीच धुऊन कापायला घेतलं होतं.

"मिस्टर क्वोन," सुनेत्रा म्हणाली.

"या पुढच्या वेळी कधी बदलाल?" त्याने बश्यांकडे बोट केलं.

"आधी दर तीन महिन्यांनी बदलायचो," ती म्हणाली.

"म्हणजे डिसेंबर." तो उठला. कुलसुमकडे वळून कमरेपासून वाकला, आणि इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "तुम्ही फार छान सांभाळलंत. माझी आई आज हसली."

कुलसुमने सुरी खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले. "नो, नो सर," ती म्हणाली. "माय ड्युटी."

फाटकापर्यंत सुनेत्रा त्याला सोडायला गेली. ऊन डोळ्यांवर आपटत होतं. समुद्राकडून येणारी दमट हवा गोदामांच्या पत्र्यांमध्ये कोंडली होती. गाडीचं दार उघडून, आतली आग बाहेर पडेपर्यंत तो बाहेरच थांबला. त्याच्या बुटांवर निळी आवरणं तशीच होती. त्याच्या लक्षात आलं नव्हतं, आणि तिने सांगितलं नाही.

"डिसेंबरात तिकडे बर्फ असतो," तो गाडीच्या छताकडे बघत म्हणाला. "ती घराबाहेर पडणार नाही. रोज विचारेल. मी पुन्हा आलो तर चालेल?"

सुनेत्रा त्याच्याकडे बघत होती. त्याने मात्र तिच्याकडे पाहिलं नाही.

"या," ती म्हणाली.

ती वर आली तेव्हा कुलसुमने बश्या परत आत ठेवल्या होत्या. इन्क्युबेटरच्या दारावर बावीस अंशांचा हिरवा आकडा दिसत होता. आत जे होतं त्याला एवढी उस्तवार लागत नव्हती. ते खालच्या शेडमध्ये, पोत्यात, कुठेही वाढलं असतं. दार पुरतं लागलं नव्हतं. सुनेत्राने तळवा टेकवला आणि रबराची कड घट्ट बसेपर्यंत ते दाबून धरलं.